म्हाळोजी तांबटाने फूस कबूल केली त्याची हकिकत

॥ श्री ॥

ज्याने मनुष्यास जीभ दिली आणि तीत हाड घालण्याचे विसरला, त्या विनायकास प्रथम नमन; मग शारदेस, मग वाचणारास नमन करून हकिकत लिहिली जाते ऐसी की: शके सोळाशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात नागोपंत शब्दनीस म्हणून वृद्ध गृहस्थ होते. राज्याचे नाव लिहीत नाही, लिहिले तर तेथील लोक आमचेच वर्णन केले म्हणून कागद हिसकून नेतील. पंतांकडे दरबारी शब्दांचा कोश सांगितला होता. थोरले महाराज कैलासवासी होण्यापूर्वी वीस वर्षे तो आरंभिला, आणि थोरले महाराज गेले, धाकटे महाराज गादीवर बसले, पंतांचे दात गेले, कुटुंब उमाबाई गेली, आणि कोश इतक्या अवधीत ‘फ’ या अक्षरापाशी येऊन थांबला. तेथे ‘फूस’ हा शब्द आडवा पडला. पंतांनी पहिल्या कच्च्या कागदावर लिहिले ते असे:

‘फूस. एकाने दुसऱ्यास वाईट कामी हळूच भरीस घालणे. ही लावतात. बहुधा कानाशी लावतात.’

एवढे लिहून पंतांनी बोरू खाली ठेविला आणि त्यांस हसू आले, कारण त्या राज्यात या शब्दाचा उपयोग निराळाच होता आणि तो पंतांइतका कोणी भोगिला नव्हता. थोरल्या महाराजांची चाल अशी होती की कोणी गुन्हा केला आणि तो शाबीत झाला, म्हणजे न्यायाधीशांनी शिक्षा सांगण्यापूर्वी त्यास तीन वेळा पुसावे, ‘फूस कोणाची?’ आणि गुन्हेगाराने एक नाव घ्यावे, आणि नाव घेतलेल्या मनुष्यास बोलावणे जावे, आणि त्याने येऊन गुन्हेगाराच्या खांद्यावर हात ठेवून ‘फूस माझी’ म्हटले की शिक्षा दोघांत निम्मी निम्मी व्हावी. पन्नास कोरडे असले तर पंचवीस यास, पंचवीस त्यास. मुंडण असले तर याचे डावे डोके, त्याचे उजवे. आठ पेठांतून धिंड असली तर चार पेठांतून, एकाच गाढवावर दोघे. आणि हद्दपारी असली तर मोठी मौज, सरहद्दीच्या ओढ्याकाठी धोंड्यावर एक झोपडी बांधली होती, निम्मी राज्यात आणि निम्मी परमुलखात, तीत दोघांनी राहावे आणि निजताना डोके आत आणि पाय बाहेर करावे, आणि चौकीच्या शिपायाने सकाळी डोकावून पाय मोजावे.

आता नाव घेतलेल्या माणसाने खरोखर फूस लावलेली असे काय? तर शंभरात दोनदा. बाकी अठ्ठ्याण्णव वेळा तो बिचारा आपल्या घरी जेवत असे. तरी तो उष्ट्या हाताने येई आणि ‘माझी’ म्हणे. हे खोटे आहे हे न्यायाधीशांस कळे, शिपायांस कळे, बाहेर भाजी विकणारणीस कळे. एकदा एका परदेशी वकिलाने थोरल्या महाराजांस विचारले की हुजूर, आपल्या डोळ्यांदेखत खोटे चालते ते कसे? तेव्हा महाराज बोलिले, “खोटे आहे ते मलाही दिसते. पण ज्यासाठी कोणी पंचवीस कोरडे खाऊन खोटे बोलतो, तो मनुष्य पुरता वाईट नसावा. मग पुरती शिक्षा कशी देऊ?” यावर वकिलाने विडा घेतला आणि गेला. मग त्या राज्यात असे पडले की सोयरीक जुळविताना मुलीचा बाप पुसे, मुलास घर आहे, जमीन आहे, ते कळले, याची फूस घेणारा कोणी आहे काय? नसला तर मुलगी देत नसत.

नागोपंतांची फूस म्हाळोजी तांबटाने घेतली होती. त्यास अठ्ठेचाळीस वर्षे जाहली. पंत तेव्हा नुसते नागू होते, वीस वर्षांचे, आणि नगारखान्याची शिडी रिकामी पाहून भर दुपारी वर चढले आणि त्यांनी शाही नौबत वाजविली. का वाजविली? कोणी सांगितले नव्हते, कोणी पैज लाविली नव्हती. एवढे मोठे वाद्य समोर, टिपरू हातापाशी, आणि वाजवून पाहावेसे वाटले, इतकेच. महाराजांस तेव्हा संतान नव्हते आणि अवेळी नौबत म्हणजे पुत्रजन्म, असा संकेत होता, त्यामुळे सगळ्या शहराने साखर वाटली आणि महाराज दुपारच्या झोपेतून उठून पाहतात तो पाळण्याचे सुतार दारात उभे. गुन्हा मोठा जाहला. न्यायसभेत तीन वेळा पुसले आणि नागूच्या तोंडून नाव निघाले, “म्हाळू तांबट.” म्हाळू आला, हातांस चिंच आणि राख, तांबे घासता घासता उठून आलेला, आणि नागूच्या खांद्यावर हात ठेवून बोलिला, “फूस माझी. पण काय वाजवलंस रे नागू, आमच्या आळीत हातोडे थांबले!” मग दोघांची अर्धी अर्धी हजामत जाहली आणि एकाच गाढवावर, नागूचे तोंड पुढे आणि म्हाळूचे मागे, अशी चार पेठा धिंड निघाली. म्हाळू मागच्या गर्दीस पाहून लवून मुजरे करी आणि म्हणे, “नागू, तुझ्याकडे कोण हसतंय ते सांग, माझ्याकडे कोण हसतंय ते मी सांगतो, म्हणजे काही वाया जायचं नाही.” आणि तिसऱ्या पेठेत एका माडीच्या खिडकीतून एक मुलगी इतकी हसली की तिच्या हातातली सुपली खाली पडली आणि गहू रस्त्यावर सांडले आणि गाढव ते खाण्यास उभे राहिले आणि काही केल्या हलेना. तीच उमाबाई. पुढे तिच्या बापाने विचारले की मुलाची फूस घेणारा कोण आहे, तेव्हा ती आतून बोलिली, “मी पाहिला आहे.”

(येथे मूळ कागदास पाणी लागले आहे. दोन ओळी लागत नाहीत. पुढे ‘हसणे’ इतकेच वाचता येते.)

असो. धाकटे महाराज गादीवर आले त्यांस नवे कारभारी मिळाले. कारभाऱ्यांचे नाव लिहिणारास ठाऊक आहे परंतु लिहवत नाही. हुशार मनुष्य, चालताना सुद्धा काही मोजीत असल्यासारखा चाले. त्यांस एक दुःख होते, ते असे की या राज्यात पुरती शिक्षा जाहलेला एक मनुष्य दाखवावा म्हटले तर मिळत नाही. अर्धे कोरडे, अर्धे मुंडण, म्हणून धाक अर्धा. मग ते एके सकाळी पंतांच्या घरी आले, खाली चटईवर बसले, आणि म्हणाले, “पंत, सगळे राज्य आपल्या बोरूवर चालते. आम्ही नुसते मोहोर उठविणारे. ‘फूस’ या शब्दाचा अर्थ अजून कोरा आहे, ऐसे ऐकतो.”

पंत म्हणाले, “कोरा नाही. कच्चा आहे.”

“मग पक्का करावा. मूळ कोण? तर भरीस घालणारा. करणारा केवळ हात. हातास शिक्षा देऊन काय होते? शिक्षा मुळास द्यावी, सगळी द्यावी. ऐसा अर्थ आपल्यासारख्या ज्ञात्याने लिहिला तर पुढल्या शंभर वर्षांचे न्यायाधीश आपले नाव घेतील.” आणि बोलता बोलता कारभाऱ्यांनी एक जरीकाठी शाल आपल्या हाताने पंतांच्या खांद्यावर घातली आणि म्हणाले, “थंडीचे दिवस आहेत.”

आता पंतांस काही कळत नव्हते, असे म्हणावे तर ते खोटे. हे काय चालले आहे ते त्यांस कळत होते. परंतु उमाबाई गेल्यापासून तीन वर्षांत त्यांच्या खांद्यावर कोणी हात ठेविला नव्हता, आणि शाल ऊबदार होती, आणि इतक्या वर्षांत कोशाची चौकशी करणारा हा पहिला मनुष्य होता. म्हाळोजीही अलीकडे आळी सोडून येत नसे, त्याचे गुडघे गेले होते, आणि पंत त्याच्याकडे उद्या जाऊ, परवा जाऊ करीत राहिले होते. मग पंतांनी बोरू उचलला आणि लिहिले:

‘फूस. दुष्कर्माचे मूळ. हाच खरा गुन्हा. करणारा तो हात मात्र, हातास शिक्षा नाही. संपूर्ण शिक्षा फूस लावणारास.’

आणि हुकुमाची दवंडीही पंतांनीच लिहून दिली. अक्षर सुंदर, परंतु भाषा इतकी भारी की ‘उत्तेजकः पूर्णदंडार्हः, कर्ता करमात्रः’ ऐसे दवंडीवाल्याने पेठोपेठी ओरडून सांगितले आणि लोकांनी हात जोडले. कोठेतरी अनुष्ठान बसले असावे, ऐसे त्यांस वाटले. तांबट आळीत तर हातोड्यांपुढे तेवढेही ऐकू गेले नाही.

यावर पंधरा दिवस गेले. राज्यात एक हत्तीण होती, चंपा तिचे नाव, आणि तिचा माहूत हैबती. थोरल्या महाराजांच्या वेळेपासून हत्तीण सकाळी नदीवर जाताना तांबट आळीतून जाई आणि म्हाळोजीच्या दुकानापुढे थांबून गुळाचा खडा घेई. नव्या कारभाऱ्यांनी त्याच आळीच्या तोंडाशी वाडा घेतला, त्यास रस्त्यावर येईल असा सज्जा काढिला, आणि हत्तिणीस आळी बंद केली. हैबतीने चार दिवस तिला लांबून नेले. पाचव्या दिवशी चंपा वळणावर थांबली आणि गुळाच्या दिशेने निघाली, आणि हैबती म्हणाला, “जा बाई, तुझ्या जिवाची हौस,” आणि अंकुश कानामागे ठेवून दिला. सज्ज्याचा खांब पाहून तिला पाठ खाजवावीशी वाटली. तिने खाजविली. सज्जा खाली आला. सज्ज्यात कारभारी हजामत करवीत बसले होते, ते तक्क्यासकट गवताच्या गाडीवर पडले, इजा काही जाहली नाही, परंतु एक गाल भादरलेला आणि एक राहिलेला, आणि न्हावी जो पळाला तो तीन दिवस सापडला नाही, आणि दुसरा न्हावी पहिल्याच्या हजामतीस हात लावीना. अशा रीतीने कारभारी न्यायसभेत आले, एक गाल शेल्याने झाकून.

वृद्ध न्यायाधीश कोनेरशास्त्री यांनी धाकट्या महाराजांसमोर गुन्हा ऐकिला. मनाई मोडून हत्ती नेणे आणि कारभाऱ्यांचे घर पाडणे, यास शिक्षा हद्दपारी. मग त्यांनी सवयीने तीन वेळा पुसले, “फूस कोणाची?” शब्द तोंडातून गेल्यावर त्यांस नवा हुकूम आठवला, परंतु उशीर जाहला होता. हैबती बोलून गेला होता, “म्हाळूकाकाची.” त्या आळीत कोणीही तेच नाव घेई. म्हाळोजीने आजवर एकतीस जणांची फूस घेतली होती.

म्हाळोजी आला. काठी टेकीत, हातांस तीच चिंच आणि राख. सभेच्या कोपऱ्यात पंत कोश घेऊन बसले होते, शाल पांघरून, आणि म्हाळोजीने त्यांस पाहून दुरूनच म्हटले, “नागू, लुगड्यासारखी शाल झालीय रे तुला!” पंतांनी खुणेने ‘नको, नको’ केले. म्हाळोजीस वाटले ते शालीविषयीच सांगतात. मग त्याने हैबतीच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, “फूस माझी, महाराज. गुळाची चटक मीच लावली तिला.”

कारभारी म्हणाले, “लिहून घ्यावे.” आणि नवा अर्थ वाचून दाखविला. हात सुटला. मूळ हद्दपार. पुरते.

हैबतीने सुटल्याचे ऐकून जमिनीवर डोके आपटले. “काका, मला काय ठावं! मी अर्ध्याच्या हिशोबानं नाव घेतलं हो!” म्हाळोजी त्यास म्हणाला, “गप. तुझी चिल्लीपिल्ली आहेत.” मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, “पुरती म्हणजे पाय आणि डोकं दोन्ही बाहेर काय, शास्त्रीबुवा?” कोनेरशास्त्री म्हणाले, “होय, बाबा.” म्हाळोजी म्हणाला, “मग भट्टीचं काय? ती पन्नास वर्षं विझली नाही.” आणि त्याने विचारले, “असा अर्थ कुणी काढला?”

तेव्हा नागोपंत उठले. उठताना कोश मांडीवरून खाली पडला. ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, शिक्षा सांगण्यापूर्वी तीन वेळा पुसण्याची चाल आहे. आता गुन्हेगार हा म्हाळोजी. त्यास पुसावे.” कोनेरशास्त्री म्हातारे होते परंतु मंद नव्हते. त्यांचे डोळे चमकले. त्यांनी पुसले, “म्हाळोजी, तुला हे कबूल करण्याची फूस कोणाची?”

“कुणाची नाही.”

“फूस कोणाची?”

“नाही म्हटलं ना.”

पंत मध्येच म्हणाले, “म्हाळू, माझे नाव घे.”

“नाही घेत.”

“अरे घे म्हणतो! अर्थ मी लिहिला. दवंडी मी लिहिली, ती तुला कळली नाही तोही अपराध माझाच.”

“तू लिहिलास?” म्हाळोजीने पंतांकडे पाहिले. “का रे?”

पंतांनी शाल काढून घडी घातली आणि खाली ठेविली. म्हाळोजीने त्या शालीकडे पाहिले, आणि पंतांच्या उघड्या खांद्यांकडे पाहिले, आणि म्हणाला, “थंडी वाजत होती तर आळीत यायचं. भट्टी आहे.”

पंतांनी चार पावले चालून म्हाळोजीच्या खांद्यावर हात ठेविला आणि न्यायाधीशांस म्हणाले, “फूस माझी. याने नाव न घेता मी कबूल करतो. नव्या अर्थाप्रमाणे शिक्षा मुळास, तर ती मला. पुरती.”

“खोटं आहे!” म्हाळोजी ओरडला. “कबूल मी केलं, गूळ मी दिला, हा तिकडं घरी बसला होता! शास्त्रीबुवा, हा लहानपणापास्नं दुसऱ्याचं वाजवतो!”

“तू गप रे!”

“तूच गप!”

कोनेरशास्त्री म्हणाले, “चालीप्रमाणे मला आता पंतांस पुसले पाहिजे. नागोपंत, तुम्हास हा अर्थ लिहिण्याची फूस कोणाची?”

आणि सभेतील एकेक मान फिरून शेल्याने झाकलेल्या गालाकडे गेली. धाकट्या महाराजांचीही गेली. कारण शाल सगळ्यांनी पाहिली होती आणि ती जामदारखान्यातील शाल कोणाच्या हातून निघते तेही ठाऊक होते, आणि मुळाचे मूळ शोधीत गेले तर हद्दपारी कोठे जाऊन थांबेल ते कारभाऱ्यांनी बसल्या बसल्या मोजिले. त्यांच्या हातून शेला निसटला. अर्धी हजामत सगळ्यांनी पाहिली.

“फूस कोणाची?” कोनेरशास्त्री दुसऱ्यांदा म्हणाले.

नागोपंतांच्या ओठांवर नाव होते. नाव घेतले असते तर ते सुटले असते, म्हाळोजी सुटला असता, आणि कारभारी संध्याकाळपर्यंत ओढ्यापलीकडे गेले असते. पंतांस नौबत आठवली. टिपरू हातापाशी होते, आणि कोणी सांगितले नव्हते. तेव्हाही त्यांनी नाव घेतले होते, आणि दुसऱ्याचे निम्मे डोके गेले होते. आणि खिडकीतले हसणे आठवले.

तिसऱ्यांदा पुसण्यापूर्वी पंत म्हणाले, “कोणाची नाही. नौबत मीच वाजविली आणि अर्थही मीच लिहिला. मला वाटले म्हणून.”

महाराज कोवळ्या वयाचे होते, परंतु थोरल्यांच्या मांडीवर बसून त्यांनी ती नौबतीची गोष्ट दहा वेळा ऐकली होती. त्यांनी पुसले, “थोरले असते तर काय करते?” कोनेरशास्त्री म्हणाले, “दोघे फूस माझीच म्हणतात आणि दोघेही खोटे बोलतात. थोरल्यांनी अर्धी अर्धी दिली असती.” महाराज कारभाऱ्यांकडे वळले. “आपले मत?”

कारभारी दोन्ही हातांनी गाल धरून म्हणाले, “अर्धी द्यावी, महाराज! आता द्यावी! आणखी कोणास काही पुसू नये!”

मग हुकूम जाहला आणि नागोपंत आणि म्हाळोजी सरहद्दीच्या झोपडीत राहावयास गेले. भट्टीचे निखारे हैबतीने मडक्यात घालून हत्तिणीवरून तेथे नेले आणि भट्टी राज्याच्या बाजूस मांडिली. रात्री दोघे डोकी आत आणि पाय बाहेर करून निजत. सकाळी शिपाई पाय मोजी आणि ‘चार, बरोबर’ म्हणे, आणि पंत म्हणत की तांबटाच्या पायांस तांब्याचा वास येतो, आणि म्हाळोजी म्हणे की परमुलखात येतो, तुला काय करायचंय. चंपा रोज गुळासाठी सरहद्दीपर्यंत येऊ लागली. कारभाऱ्यांचा सज्जा पुन्हा उभा राहिला नाही. पंतांनी कोश पुढे नेला तो ‘ब’ पर्यंत, आणि मग एके थंडीत म्हाळोजी गेला, आणि त्याच फाल्गुनात पंत गेले. शिपायाने सवयीने दोन्ही दिवशी पाय मोजिले म्हणतात.

कोश पुढे दप्तरात सापडला. ‘फूस’ शब्दापुढील दोन्ही अर्थ खोडले आहेत आणि खाली म्हाताऱ्या हाताने लिहिले आहे:

‘फूस. लावणारे पुष्कळ. लाविली नसता आपली म्हणणारा एखादा. अर्थ त्याच्याकडून घ्यावा.’

आणि कडेस तांबट बोटाचा एक ठसा आहे, काळसर हिरवा. तो पुसत नाही.

तात्पर्य इतकेच. ते राज्य आता नाही, ओढा बुजला, धोंडा कोणी पायरीस नेला. अलीकडे ज्याची शिक्षा तो एकटा पुरती भोगतो आणि त्यास न्याय म्हणतात, त्याविषयी लिहिणाराचे काही म्हणणे नाही. परंतु या कागदात खोटे आढळले तर वाचणाराने रागावू नये. कोणी पुसलेच, तर फूस माझी.